आडातलं नगर आणि दारावरचा कंदील

गुरुवार, १० एप्रिल १९६९

ज्ञानचंद शेठने आज ही डायरी दिली. कुठल्या बियाणेवाल्याची आहे, वर कापसाचं बोंड छापलंय. म्हणाले, "तानुबाई, दारावर काय होतं ते रोज लिहीत जा. कोणी तक्रार केली की तुम्ही सतरा गोष्टी सांगता." मी म्हटलं, माझी शाळा दुसरीपर्यंत. तर म्हणाले, ज्याला एवढं बोलता येतं त्याला थोडं लिहिताही येतं.

तर लिहिते. मी जळगावात शेठच्या टॉकीजमधे बायकांच्या दारावर असते. धनी कापसाच्या जिनिंगात होते, ते गेले तेव्हापासून. सहा वर्षं झाली. तिकीट फाडायचं, पुरुष घुसला तर हाकलायचा, पोर रडलं तर आईसकट बाहेर काढायचं. माणसं परत लावणं मला चांगलं जमतं.

उद्यापासून बाराच्या खेळाला मराठी बोलपट. 'आडातलं नगर'. संध्याकाळचे दोन्ही खेळ हाणामारीच्या हिंदीला. मराठीला भर उन्हाची वेळ. आठवडाभर चालवणार, जमलं तर.

नाव वाचून बरं वाटलं. आडातल्या नगराची गोष्ट आमच्याकडे घरोघरी सांगतात. बघू काय केलंय तिचं.

शुक्रवार, ११ एप्रिल

बायका सात. त्यातल्या दोघी सावलीला म्हणून आलेल्या.

गोष्ट अशी आहे. राक्षस धाकट्या भावाला ओढून आडात नेतो. आडात खाली सात मजल्यांचं नगर. बहीण दोरीने खाली उतरते, राक्षसाचा जीव पोपटात असतो, ती पोपटाची मान पिरगाळते. भावाला घेऊन वर येते. गाव लाडू वाटतं. संपली.

आता यांनी काय केलंय बघा. आड नाही. मुंबईची उंच इमारत, आणि तिच्यातला लिफ्टचा पाळणा वर जायचा तो खाली खाली जातो. राक्षसाला कोट आणि टाय. तो पोरांना कोंडून घड्याळं पुसायला लावतो. पोपट नाहीच, राक्षसाचा जीव रेडिओत! मुलगी रेडिओचा कान पिरगाळते तेव्हा तो मांजरासारखा ओरडतो. मी दारात उभी राहून हसले. बहीण दोन वेण्यांची, स्कूटरवर बसते. गाणी अकरा. जिना उतरायचा तर गाणं, भूक लागली तर गाणं. एक गाणं तर निव्वळ किल्ली सापडत नाही म्हणून.

मला वाटलं होतं डोकं उठेल. पण पुढे काय करतात ते बघावंसं वाटत राहिलं. तीन तास उभी होते, पाय दुखले नाहीत.

शेवट बघितला आणि दाराची कडी धरली.

आज एवढंच.

शनिवार, १२ एप्रिल

बायका चार.

दारापर्यंत पुष्कळ येतात, चित्रं बघतात आणि परत जातात. आज एकीला धरलंच. सुंदरबाई नावाची, माहेर धुळ्याकडचं, इथे असोद्याला दिलेली. म्हटलं, "काय झालं? पाटी बघून पळता कशाला?"

ती म्हणे, "दिनमा गोट नही सांगतस, माय. मामा वाट चुकस."

बरोबर आहे. दिवसा गोष्ट सांगितली की पोरांचा मामा वाट चुकतो, हे मलाही माहीत आहे. आणि येत्या शनिवारी आखाजी, अक्षय्यतृतीया. या आठवड्यात खानदेशातला प्रत्येक भाऊ बहिणीला माहेरी न्यायला रस्त्यावर. तिचाही यायचा होता. "मना भाऊ माले लेवाले येई ऱ्हायना," ती म्हणाली. "तो चुकना तर तू पोचाडशी का माले?"

मी म्हटलं, जा मग उन्हात. गेली.

आता कालचं लिहिते. नाहीतर डायरी कशाला.

मी नऊ वर्षांची, माझा भाऊ वना पाच वर्षांचा. आम्ही पहूरचे. आई त्याच्या बाळंतपणातच गेलेली. बाप शेतात राबायचा आणि वना माझ्या कडेवर. त्या दिवशी बांधावर तो रडून रडून जीव खात होता, म्हणून मी भर दुपारी त्याला आडातल्या नगराची गोष्ट सांगितली. मला माहीत होतं दिवसा सांगू नये. पण दुसरं काय करणार? गोष्ट संपत आली तरी तो उठेना. म्हणे कडेवर घे. मला इतका राग आला की मी म्हटलं, "मग बहिणीने भावाला आणलंच नाही वर. तो जड झाला होता. राहिला तिथेच."

तो असा रडला की गुरं बघायला लागली. तेव्हा मी पुढे जोडलं. की बहीण रोज आडाशी जाते, दोरीला भाकरी बांधून खाली सोडते. खालून दोरी हलली की समजायचं, भाऊ आहे, जेवला.

त्यानंतर त्याला दुसरा शेवट चालेना. रोज तोच.

हा शेवट मी बनवलेला. कुठल्याही घरात नाही. आणि काल पडद्यावर ती दोन वेण्यांची पोरगी जमिनीवर पालथी पडून पाळण्याच्या भोकात दोरी सोडते, दोरीला शिदोरी, आणि दोरी हलते.

रविवार, १३ एप्रिल

बायका नऊ, रविवार असून.

मला फक्त गोष्ट कोणाची ते वाचायचंय. तेवढंच. वनाचं काय झालं याच्याशी मला घेणं नाही. सुरुवातीला नावं येतात तिथे असणारच. पण नावं कशी येतात, तर पळत. मी 'सं' म्हणेपर्यंत पाटी बदलते. आणि नेमक्या तेव्हाच उशिरा आलेल्या बाया दार ठोकतात. शुक्रवारी एकही वाचलं नाही. काल 'संगीत' एवढं. आज 'वेषभूषा', आणि तेवढ्यात एक बाई माझ्या पायावर पाय देऊन आत गेली.

तोताराम ऑपरेटरला विचारलं, "सुरुवातीची नावं तू वाचतोस का रे?" तो म्हणाला, "अक्का, तेव्हा मी दुसरं रीळ लावत असतो. नावं कोण वाचतं? ज्याचं असेल तो." एक मास्तरीणबाई दर रविवारी खेळाला असतात, त्यांना विचारता आलं असतं. पण मग का विचारता ते सांगावं लागतं.

शेठ बाहेर येऊन म्हणाले, "उद्या बघतो. बायका आल्या नाहीत तर मंगळवारी उतरवतो, जुनं काहीतरी लावतो. हे पोरासोरांचं चित्र, बायकांशिवाय चालायचं नाही."

म्हणजे मला एकच खेळ. एका खेळात माझं वाचून होणार नाही.

सोमवार, १४ एप्रिल

सकाळी भाकरी टाकताना सुचलं. दिवसा सांगू नये म्हणजे काय? दिवेलागण झाली की सांगतात. मग दिवे लावा!

घरचा कंदील नेला. काच पुसली, वात कापली आणि पावणेबाराला बायकांच्या दारावर लावून टांगला. भर उन्हात कंदील. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती.

शेठ धावत आले. "तानुबाई, हे काय? टॉकीज जाळायचंय?"

"दिवेलागण झाली, शेठ."

"बारा वाजलेत!"

"बाहेर बारा. आत पडदे सोडले की रात्र. तुमच्या घरच्या सज्जनबाई दिवसा गोष्ट सांगतात का पोरांना?"

मारवाड्यांच्या घरातही हेच आहे, मला माहीत होतं. शेठ म्हणाले, राकेलचा नको, काही झालं तर? मी म्हटलं, बादलीत रेती ठेवते खाली. ठेवली.

मग दारात उभी राहून ओरडले, "या गं! दिवा लागला, गोष्ट सुरू होते!" सुंदरबाई समोरच्या दुकानात बांगड्या भरत होती. आली, कंदील बघितला, वात बघितली, आत डोकं घालून अंधार बघितला. म्हणाली, "चालस." तिच्या मागे पंधरा जणी.

बायका बेचाळीस! शेठ म्हणाले, राहू दे गुरुवारपर्यंत.

एवढ्या बायका आत घेता घेता नावं होऊन गेली. माझीच अक्कल.

मंगळवार, १५ एप्रिल

बायका एकशे अकरा. असोद्याच्या, भादलीच्या, दोघी बोदवडहून गाडीने. सगळ्या दारात कंदिलाला हात जोडून आत जातात. एकीने हळदकुंकू वाहिलं.

आत काय चाललंय ऐका. गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणायचं असतं, नाहीतर सांगणारा थांबतो. तर या पडद्याला 'हूं' देतात! मुलगी म्हणते, "मी खाली जाणार," की शंभर बाया, "हूं!" राक्षस म्हणतो, "कोण आहे तिकडे?" "हूं!" पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या झाल्या. सुंदरबाई उठून बायका-पुरुषांमधल्या पडद्यापलीकडे ओरडली, "गोट थांबी जाई! हूं म्हना रे!" आणि अर्ध्या पुरुषांनी म्हटलं.

शेवटाला मात्र गोंधळ. बायका उठून माझ्याभोवती. "हाऊ काय शेवट? भाऊले खालेच सोडी दिधा?" जणू मीच सोडला. सुंदरबाई म्हणे, आखाजीच्या आठवड्यात असं अभद्र दाखवतात? लाडू कुठे गेले? कोणी केली ही गोष्ट, त्याला बहीण नाही का?

मी म्हटलं, "बहीण होती. ती दमली होती."

"तुले काय माहीत?"

"तिकीट फाडते मी. मला सगळं माहीत."

आज नावांपैकी 'ध्वनि' आणि 'छाया'. एक मोठी पाटी येते, वर दोन शब्द, खाली दोन शब्द. तीच असावी. ती आली की कोणीतरी दार ठोकतं.

बुधवार, १६ एप्रिल

बायका तेवीस. सांगते का ते.

सुंदरबाईचा भाऊ अभिमन काल सकाळी यायचा होता. आला नाही. आज सकाळीही नाही. धुळ्याहून येणाऱ्या साऱ्या एस.ट्या तिने बघून घेतल्या. मग इथे दारात येऊन बसली आणि कंदिलाकडे बोट करून रडायला लागली. "मना भाऊ वाट चुकना. हाई दिवा खोटा शे."

बाया आल्या तशा परतल्या. शेठ मला म्हणाले, काढा तो कंदील. मी म्हटलं, काढणार नाही.

सुंदरबाईपाशी बसले. पाणी दिलं. ती म्हणाली, "तुना भाऊ कव्हय येवाव शे, अक्का?"

मी म्हटलं, माझा येत नाही.

ती म्हणाली, का?

तिला नाही सांगितलं. इथे लिहिते. बाप शेवटच्या दुखण्यात होता तेव्हा वना एका नाटक मंडळीबरोबर पेटी वाजवत फिरत होता. निरोप पाठवले. आला तो तेराव्यानंतर दोन दिवसांनी, भर दुपारी. मी तेव्हा पहूरलाच होते. दारात उभी राहिले आणि म्हटलं, "इथे कोणी नाही तुझं." तो म्हणाला, "अक्का, पाणी तरी दे." मी दार लावलं. पंधरा वर्षं झाली. लेकीच्या लग्नात मामा लागतो, तेव्हा शेजारचे जीवराम भाऊ उभे राहिले. लेक म्हणाली, "आई, मला मामा नाही का?" मी म्हटलं, "वाट चुकला."

मी दिवसा गोष्ट सांगितली होती म्हणून चुकला, असं मी पंधरा वर्षं धरून आहे. तेच सोपं होतं.

गुरुवार, १७ एप्रिल

शेवटचा दिवस.

सकाळी दारावर सुंदरबाई, तिच्यासोबत दहा-बारा बाया, सगळ्यांचे चेहरे सुतकी. आत जात नाहीत आणि घरीही जात नाहीत. पावणेबाराला पुरुषांच्या रांगेकडे सहज नजर गेली. एक धिप्पाड गडी, नवं धोतर, हातात नारळाची पिशवी, खिडकीशी हुज्जत घालतोय की पुढचा बाक दे, कालचा फार मागे होता.

नारळ घेऊन बोलपटाला कोण येतं? मी हाक मारली, "अभिमन भाऊ!"

वळला ना तो!

सुंदरबाईने त्याला रांगेतून ओढून काढला. मंगळवारी सकाळीच उतरला होता. स्टँडवरून चालत येताना भर उन्हात कंदील बघितला, म्हणून आत शिरला. मग काल परत. आज म्हणे शेवटचं बघून असोद्याला येणारच होतो. "बाई, ते किल्लीनं गानं शे ना..." एवढं म्हणाला आणि तिने त्याच्या पाठीत पिशवीच हाणली. नारळ फुटला. बाया हसून हसून खाली बसल्या. फुटलेला नारळ तिथेच कंदिलापुढे ठेवला, तुकडे वाटले. वाट चुकला नव्हता, वाटेत बसला होता, असं सगळ्यांनी ठरवलं.

बायका एकशे साठ. बाक भरले, बाकीच्या खाली बसल्या.

मी सगळ्यांना म्हटलं, "आज खेळ सुरू व्हायच्या आधी आत बसा. एकदा दार लावलं की मी उघडणार नाही. देव आला तरी." सुंदरबाईला कडीला पाठ लावून बसवलं. आणि मी पहिल्यांदा बाकांच्या मधल्या वाटेत, पडद्यासमोर उभी राहिले.

संगीत. ध्वनि. छाया. वेषभूषा. हे सगळे आता ओळखीचे, लगेच सोडून दिले. मग ती पाटी आली. वर: मूळ गोष्ट. खाली दोन शब्द. दुसरा आधी वाचला, कारण तो शब्द मी रोज एस.टी.च्या पाटीवर बघते, वाचावा लागत नाही. पहूर.

मग पहिला. 'अ'. 'क्का'.

मूळ गोष्ट: अक्का, पहूर.

बाकी बोलपट बघितला की नाही, सांगता येत नाही. शेवटी दोरी हलली तेव्हा बाया नेहमीसारख्या कुरकुरायच्या होत्या. मी मोठ्याने "हूं" म्हटलं. मग सगळ्यांनी म्हटलं.

शुक्रवार, १८ एप्रिल

चित्राची पेटी आज सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला गेली. तिथे आठ दिवस, मग कंपनीकडे मुंबईला. लोखंडी पेटी, आत रिळांचे डबे, मधे चार बोटं जागा असते. ती मी काल बघून ठेवली होती.

पहाटे उठून आखाजीच्या सांजोऱ्या केल्या. तुपात तळल्या, पंधरा दिवस काही होत नाही. भाकरी बांधायचं फडकं असतं माझं, निळ्या काठाचं, त्यात अकरा बांधल्या. चिठ्ठी लिहायला बसले. तीन फाडल्या. एकीत शिव्या आल्या, एकीत रडगाणं, तिसरीत काहीच येईना. शेवटी वर एवढंच लिहिलं: ज्याला ही गोष्ट ठाऊक त्याला द्यावे.

तोताराम म्हणाला, "अक्का, धुळ्याचा ऑपरेटर खाऊन टाकेल."

म्हणून त्याच्यासाठी वेगळ्या दोन वर ठेवल्या. त्यालाही आखाजी आहेच.

शनिवार, १९ एप्रिल. आखाजी

गल्लीत झोके बांधलेत. गाणी चाललीत. पुडी बांधून उरलेली सुतळी घरी आणली होती. दाराच्या कडीला बांधली. वाऱ्याने हलते. वारा आहे हे मला कळतं. तरी दोनदा उठून बघितलं.

गुरुवार, ५ जून

मधे काही लिहिण्यासारखं झालं नाही.

आज उद्याच्या चित्राची पेटी आली. दुसरंच चित्र आहे, कुस्तीचं, पण कंपनी तीच. तोतारामने पेटी उघडली आणि मला वरून हाक मारली. एवढ्या जोरात की शेठही आले.

डब्यांच्या मधे माझं फडकं. निळ्या काठाचं. धुतलेलं, घडी घातलेलं. चिठ्ठी नाही, नाव नाही.

शेठ म्हणाले, "रिकामंच पाठवलं की."

मी उचललं. एका टोकाला बारीक गाठ होती. माझी गाठ अशी नसते. सोडली तर आत चिमूटभर साखर. शेजारचं भांडं रिकामं परत देऊ नये, आत काहीतरी घालून द्यावं, हे वनाला मीच शिकवलं होतं. आमच्याकडे साखर नसायची तर तो चार तुरीचे दाणे टाकायचा.

शेठ आणि तोताराम माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "काय बघता? दोरी हलली." त्यांना काही कळलं नाही.

पेटी पुढच्या शुक्रवारी परत जाते. उन्हाळा अजून संपलेला नाही, तूप सुटतं. टिकेल असं काय करायचं ते आठवडाभरात ठरवते.